रिपोर्टवरची तारीख संसर्गाची नसते

पत्र : डॉक्टर, माझं वय २९, लग्नाला ३ वर्षं झाली. वर्षभर आम्ही बाळासाठी प्रयत्न करतोय. दिवस राहत नाहीत म्हणून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बऱ्याच तपासण्या केल्या. आतून कापसाच्या काडीने नमुना घेतला होता, त्यात क्लॅमिडिया पॉझिटिव्ह आला. शरीरसंबंधातून पसरणारा आजार म्हणे. मला कधी काही त्रास नाही. ना खाज, ना वास, ना दुखणं. डॉक्टरांनी दोघांसाठी ७ दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. नवऱ्याने घेतल्या नाहीत. ‘मला काही झालेलं नाही, हे तुझ्याकडूनच असणार’ म्हणाला. लग्नाआधी माझं एक नातं होतं, ते लग्नाच्या वर्षभर आधी संपलं, आणि त्याला ते माहीत आहे. त्याच्या आधीच्या आयुष्याबद्दल मी कधी विचारलं नाही. आता मला त्याचा संशय येतो आणि त्याला माझा. माझ्याही गोळ्या मळमळीमुळे दीड दिवसात सुटल्या. मैत्रीण म्हणते, एका वेळच्या गोळीत काम होतं, ती घे. हा आजार आला कुणाकडून? आणि आता मला मूल होईल का? ता. क. रिपोर्ट कपाटात कपड्यांखाली ठेवलाय. फाडून टाकू का?

उत्तर : तुमचे प्रश्न मी माझ्या सोयीने उलटसुलट करून घेतलेत. तुम्ही आधी ‘कुणाकडून’ विचारलंत, मग मुलाचं, आणि अर्धवट सुटलेल्या गोळ्यांचं जाता जाता सांगितलंत. मी गोळ्यांपासून सुरुवात करते. बाकीचे प्रश्न आठवडाभर थांबतील, ते थांबणार नाही.

आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि तीन गोळ्यांनंतर थांबल्याचं सांगा. ओशाळायचं कारण नाही, हे ऐकायची आम्हाला सवय असते. तुम्हाला दिलेल्या गोळ्या बहुधा डॉक्सिसायक्लिनच्या असणार, १०० मिलिग्रॅमची एक, दिवसातून दोनदा. मधे असा खंड पडला की कोर्स सहसा पहिल्यापासून सुरू करायला सांगतात. फोनवर आणखी एक गोष्ट विसरू नका : पाळी चुकली असेल किंवा यायच्या बेतात असेल तर तसं सांगा. तुम्ही बाळासाठी प्रयत्न करताय, तेव्हा गोळ्या पुन्हा सुरू करण्याआधी लघवीची गर्भचाचणी करून घेतलेली बरी. गरोदरपणात हे औषध टाळतात आणि त्याऐवजी अ‍ॅझिथ्रोमायसिनचा १ ग्रॅमचा एकच डोस देतात. मैत्रिणीने ऐकलेली ‘एका वेळची गोळी’ ती हीच. तिचं सांगणं खोटं नाही, थोडं जुनं आहे. बरीच वर्षं दोन्ही औषधं सारखीच मानली जायची. पुढे लक्षात आलं की सात दिवसांचा कोर्स जास्त खात्रीने काम करतो, विशेषतः गुदाशयात लपलेल्या संसर्गावर, आणि तो तिथे बायकांमध्येही पुष्कळदा असतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत डॉक्सिसायक्लिनला पहिला मान दिला तो यामुळे.

मळमळ या औषधाने पुष्कळांना होते. उपाशीपोटी घेऊ नका, नीट जेवून घ्या. पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने गिळा आणि नंतर अर्धा तास तरी आडव्या होऊ नका. ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. अंथरुणात पडल्या पडल्या एका घोटाबरोबर ती घेणारे लोक दुसऱ्या दिवशी घास गिळवत नाही म्हणून परत येतात. दूध, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या, आम्लपित्ताचं औषध हे सगळं दोन-तीन तास आधी किंवा नंतर. एकत्र घेतलं तर औषध पोटातच त्यांना चिकटून बसतं आणि रक्तात पुरेसं उतरत नाही. मूल हवं म्हणून लोहाच्या गोळ्या आधीच सुरू केलेल्या कितीतरी बायका असतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. त्या आठवड्यात उन्हात फार फिरू नका, कातडी लवकर भाजते. इतकं करूनही उलट्या झाल्याच तर गोळी मनाने बंद करायची नाही, आधी विचारायचं.

सातच दिवस का, तेही सांगते. ते कळलं की गोळ्या मधेच सोडवत नाहीत. क्लॅमिडिया हा जिवाणू असला तरी आपल्या पेशीच्या आत शिरल्याशिवाय त्याला वाढता येत नाही. पेशीबाहेर तो एखाद्या बीसारखा असतो : बारीक, टणक, जवळजवळ निपचित. या अवस्थेत औषध त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या किंवा मूत्रनलिकेच्या अस्तरातल्या पेशीत घुसला की तो तिथे एक पिशवी तयार करतो, तिच्यात फुगतो, एकाचे दोन, दोनाचे चार होतो आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा बियांचं रूप घेऊन पेशी फोडून शेजारच्या पेशींकडे निघतो. औषध त्याला गाठतं ते या वाढीच्या काळात. आज निपचित असलेलं बी परवा रुजेल, तेव्हा औषध अंगात हवं. दीड दिवसाच्या गोळ्यांत तुम्ही उभं पीक कापलंत, बियाणं तसंच राहिलं. (अ‍ॅझिथ्रोमायसिन एकदाच घेऊन चालतं, कारण ते शरीराच्या ऊतींत कितीतरी दिवस मुरून राहतं.)

याचं नावही या लपण्यावरूनच पडलंय. १९०७ साली जावामध्ये हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक हे दोन शास्त्रज्ञ खुपऱ्यांचा, म्हणजे डोळ्यांच्या एका जुनाट आजाराचा, अभ्यास करत होते. रुग्णांच्या डोळ्यांतला स्राव त्यांनी ओरांगउटानच्या डोळ्यांना लावून पाहिला आणि पेशींच्या आत त्यांना बारीक ठिपक्यांचे पुंजके दिसले. पांघरूण घेऊन बसल्यासारखे. ग्रीक भाषेत ‘क्लॅमिस’ म्हणजे अंगावरून घ्यायचा झगा. पुढची पन्नासेक वर्षं याला विषाणूच समजत होते. खुपऱ्या करणारा आणि तुमच्या रिपोर्टवरचा जिवाणू एकाच जातीचे, वाण मात्र वेगवेगळे, त्यामुळे डोळ्यांची धास्ती घेऊ नका.

‘मला कधी काही त्रास नाही,’ असं तुम्ही लिहिलंत ते अशा सुरात, जणू रिपोर्टच चुकला असावा. क्लॅमिडियात त्रास नसणं हेच नेहमीचं. दहा बायकांमध्ये सात-आठ जणींना आणि साधारण निम्म्या पुरुषांना काहीही जाणवत नाही. आपल्याकडे दुखणं अंगावर काढतात म्हणतात, पण इथे अंगावर काढायला दुखणंच नसतं. ज्यांना जाणवतं त्यांना संसर्गानंतर बहुतेक एक ते तीन आठवड्यांत : अंगावरून पांढरं किंवा पिवळसर जाणं, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मधे रक्ताचा डाग, ओटीपोटात दुखणं, लघवीला जळजळ. या जळजळीने कितीजणी फसतात! मूत्रमार्गाचा संसर्ग समजून औषधावर औषध होतं, लघवीच्या कल्चरमध्ये काही सापडत नाही, आणि क्लॅमिडियाचं नाव कुणी काढत नाही. पुरुषांत लघवीच्या वाटे पाण्यासारखा किंवा पांढुरका स्राव, जळजळ, कधी एका बाजूच्या अंडकोषात दुखणं आणि सूज.

आता कुणाकडून.

तुमच्या नमुन्यावर जी तपासणी झाली ती बहुधा पीसीआरसारखी जनुकीय तपासणी असणार. नमुन्यात या जिवाणूचा जनुकीय अंश आहे की नाही, एवढंच ती सांगते. तो किती दिवसांपासून आहे, कुणाकडून आला, आधी कुणाला झाला, यातलं तिला काही कळत नाही. रिपोर्टवर जी तारीख छापलीय ती तुम्ही नमुना दिल्याची. संसर्गाची तारीख कुठल्याच प्रयोगशाळेत छापत नाहीत. त्यात हा जिवाणू मुक्कामाला चिवट. उपचार न घेतलेल्या साधारण निम्म्या जणींच्या शरीरातून तो वर्षभरात आपोआप जातो. उरलेल्यांत त्याहून जास्त काळ राहतो आणि थोड्या जणींत काही वर्षंसुद्धा, तोही गुपचूप.

मग काय काय घडलं असू शकतं? तुमच्या जुन्या नात्यातून तो तुमच्याकडे आला असेल. नातं संपून चार वर्षं झाली, आणि काळ जितका लोटतो तितकी ही शक्यता कमी होत जाते, पण ती पुरती संपत नाही. तुमच्या नवऱ्याला लग्नाआधी तो कुणाकडून मिळाला असेल आणि त्याला पत्ताही नसेल. तुमच्यातल्या एकाकडून दुसऱ्याकडे जाऊन पहिल्याच्या शरीरातून तो आपोआप गेलाही असेल. आणि हो, लग्नानंतर दोघांपैकी कुणाचा बाहेर संबंध आला असेल, हीही शक्यता आहेच. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी ती खोडून टाकणार नाही. हा एकच रिपोर्ट या सगळ्या गोष्टींशी सारखाच जुळतो. त्यामुळे तो हातात घेऊन ‘हे बघ, तूच’ म्हणणारा, मग तो नवरा असो की बायको, त्या कागदावर नसलेलं वाचत असतो.

उद्या नवऱ्याने तपासणी केली आणि ती निगेटिव्ह आली तरी हाच हिशोब. जोडप्यातल्या एकाला असला म्हणजे दुसऱ्याला असतोच असं नाही. शिवाय मधल्या काळात खोकल्यासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन पोटात गेलं असेल तर क्लॅमिडिया कुणाला न कळता निघून गेलेला असतो. निगेटिव्ह रिपोर्ट चारित्र्याच्या दाखल्यासारखा टेबलावर आपटणारे नवरे मी पाहिलेत. त्यांना मी पहिला प्रश्न विचारते : गेल्या वर्षभरात कुठली अँटिबायोटिक घेतलीत? पुष्कळदा आठवायलाच वेळ लागतो.

तुमच्या मनातला खरा प्रश्न विश्वासाचा आहे, तो मला कळतो. पण तो जिवाणूला विचारून सुटणारा नाही. नवऱ्याला विचारायचा असेल तर सरळ विचारा, ‘लग्नानंतर तुझं कुणाशी काही होतं का?’ आणि हाच प्रश्न त्याने केला तर त्याचंही उत्तर द्या. फक्त ते बोलणं आणि उपचार एकमेकांत गुंतवू नका. दोष ठरेपर्यंत गोळ्या अडवून ठेवणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटत बसणं. साप तोवर घरातच.

जुन्या मित्राला शोधून कळवायला हवं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात आलं असेल. नको. साधारणपणे गेल्या दोन महिन्यांतल्या जोडीदाराला कळवतात, त्या काळात कुणी नसेल तर सर्वांत अलीकडच्या जोडीदाराला. काही देशांत हा काळ सहा महिन्यांपर्यंत धरतात. कसाही मोजला तरी तुमच्या बाबतीत तो नवराच.

आणि तुमचे डॉक्टर शहाणे आहेत, त्यांनी गोळ्या दोघांनाही लिहून दिल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशी आपल्याकडे म्हण आहे. तुमच्या घरात तर रेडे दोन असण्याची दाट शक्यता आणि औषध एकाच्याच पोटात, तेही दीड दिवस. तुम्ही कोर्स पुरा केलात आणि त्याने केला नाही, तर पहिल्याच संबंधात संसर्ग परत तुमच्याकडे. एकदा होऊन गेला म्हणून पुढे संरक्षण मिळतं, असं या आजारात होत नाही. लस अजून आलेली नाही. म्हणून दोघांनी एकाच वेळी गोळ्या घ्यायच्या आणि दोघांचेही सातही दिवस पुरे होईपर्यंत संबंध ठेवायचा नाही, कोणत्याही प्रकारचा. त्याने तीन दिवस उशिरा सुरुवात केली तर थांबायचं त्याच्या शेवटच्या गोळीपर्यंत.

तपासणीची त्याला धास्ती वाटत असेल (पुरुषांच्या मनात कुठूनतरी सुईचं किंवा सळईचं चित्र बसलेलं असतं), तर सांगा की काम लघवीवर भागतं. तासभर लघवीला गेलेलं नसावं आणि लघवीची पहिली धार बाटलीत धरायची. आपण एरवी मधली धार द्यायला शिकलेलो असतो, इथे नेमकी पहिली लागते, कारण मूत्रनलिकेच्या अस्तरावरचे जिवाणू तीच धुऊन आणते. मात्र गोळ्या सुरू करायला रिपोर्टची वाट पाहायची नाही. नमुना द्यायचा आणि त्याच दिवशी पहिली गोळी.

त्याच्याशी बोलायचं कसं? मी असं सुचवेन. दिवस सुट्टीचा निवडा, भांडणाचा शेवट म्हणून हा विषय काढू नका. म्हणा, ‘हे कुणाकडून आलं ते तपासणीतून कळत नाही, मी डॉक्टरांना विचारलं. माझ्याकडून असेल, तुझ्याकडूनही असेल. त्रास नसलेल्या निम्म्या पुरुषांत तू असू शकतोस. तू गोळ्या घेतल्या नाहीस तर माझ्या गोळ्या वाया जाणार, आणि आपण वर्षभर ज्याची वाट बघतोय ते आणखी लांबणार. मला सात दिवस दे, मग हवं ते विचार.’ शेवटचं वाक्य तुमच्या शब्दांत म्हणा, पण म्हणा. पुष्कळ पुरुष नकार देतात तो गोळीला नसतो. गोळी घेतली म्हणजे गुन्हा कबूल केला, असं त्यांना वाटतं. ते ओझं काढून घेतलंत की हात पुढे येतो.

नाहीच आला, तर तुमच्या डॉक्टरांकडे दोघं मिळून जा, किंवा त्यांना त्याच्याशी एकट्याशी बोलू द्या. तोवर तुम्ही तुमचा कोर्स पुरा करा आणि संबंध टाळाच; टाळता आला नाही तर निदान कंडोमशिवाय ठेवू नका. आणि त्याच्याशी हे बोलायची तुम्हाला भीती वाटत असेल, आवाज चढण्याच्या पुढे काही होईल असं वाटत असेल, तर हे बोलणं घरी करूच नका. डॉक्टरांसमोरच करा.

आता मूल. पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे गर्भनलिका बंद, असं समीकरण तुम्ही मनात मांडून बसला आहात, ते पुसून टाका. उपचार न घेतलेल्या बायकांपैकी साधारण १० ते १५ टक्के जणींत संसर्ग गर्भाशयाच्या मुखावरून वर चढतो आणि ओटीपोटात सूज धरते. त्या सगळ्यांच्याही नळ्या बंद होत नाहीत. म्हणजे पारडं तुमच्या बाजूने जड आहे. पण ज्यांच्या बाबतीत तो चढतो, त्यांच्यात नासधूस कशी होते ते जाणून घेण्यासारखं आहे. गर्भनलिकेच्या आतल्या अस्तराला अतिशय बारीक केस असतात, ते लाटेसारखे हलत बीज गर्भाशयाकडे लोटतात. जिवाणूशी लढताना आपल्याच शरीराची जी आग होते, तिच्यात हे केस झडतात आणि जखम भरताना व्रण राहतात. व्रण जास्त झाले तर नळी बंद होते. थोडे झाले तर वाट उघडी राहते, पण अडखळती, आणि फळलेलं बीज वाटेतच रुजायची भीती असते. ही सूज गाजावाजा करतेच असं नाही. कित्येक जणींना ओटीपोट जड वाटतं, पाळीत थोडं जास्त दुखतं, इतकंच. आणि संसर्ग जितक्या वेळा परत होतो तितका धोका चढत जातो. नवऱ्याच्या गोळ्यांसाठी मी एवढी का भांडतेय ते आता लक्षात आलं असेल. तुमच्या नळ्यांना त्याचाही पहारा हवा.

नळ्या उघड्या आहेत की नाहीत, हे गर्भाशयाच्या मुखातून द्रव किंवा फोटोत दिसणारं रंगद्रव्य आत भरून बघतात. ती तपासणी डॉक्टर सुचवतीलच, पण ती संसर्ग बरा झाल्यावर. आत जिवाणू असताना खालून द्रव ढकलला तर तो त्यांना घेऊनच वर जाईल. डॉक्टरांच्या यादीत ती पुढच्या आठवड्याची असेल तर कोर्स अर्धवट राहिल्याचं ऐकून ते स्वतःच पुढे ढकलतील, न ढकलली तर तुम्ही विचारा. नवऱ्याची वीर्यतपासणी झालीय का, तेही विचारा. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही, आणि दिवस न राहण्यात पुरुषाचा वाटा वाटतो त्याहून खूप मोठा असतो. क्लॅमिडिया सापडला म्हणून बाकीचा शोध थांबवायचा नाही.

इथे बाकीच्या वाचकांसाठी थोडं थांबते. वंध्यत्वाच्या तपासण्यांमध्ये क्लॅमिडियासाठी कधी कधी रक्त तपासतात आणि ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट येतो. तो प्रतिपिंडांचा, म्हणजे जिवाणूशी लढायला शरीराने रक्तात तयार केलेल्या प्रथिनांचा, रिपोर्ट. कधीतरी संसर्ग होऊन गेला असावा, इतकंच तो सांगतो, आज आहे असं त्यातून ठरत नाही. गोळ्या घेऊनही तो वर्षानुवर्षं पॉझिटिव्हच येत राहतो आणि बायका कोर्समागून कोर्स घेत राहतात. आजचा संसर्ग शोधायचा तर बायकांसाठी योनिमार्गातला नमुना आणि पुरुषांसाठी लघवी. योनिमार्गातला नमुना तर बाई स्वतःही घेऊ शकते, आणि तो डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच विश्वासाचा ठरतो. तुमचा नमुना आतून घेतलेला आहे, तेव्हा तुमच्या बाबतीत हा घोळ नाही.

दोन गोष्टी झाल्या तर या सदराच्या उत्तराची वाट न बघता दवाखान्यात जायचं. ताप आणि ओटीपोटात वाढत जाणारं दुखणं, ही एक. आणि पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला जोरात दुखणं, भोवळ, खांद्याच्या टोकाला कळ. गर्भ नळीत रुजल्याची ही लक्षणं असू शकतात, तिथे तास मोलाचे असतात. यापुढे दिवस राहतील तेव्हा सोनोग्राफी लवकर करून घ्या, गर्भ गर्भाशयातच आहे ना, ते बघायला.

गोळ्या संपल्या की दुसऱ्या आठवड्यात धावत जाऊन पुन्हा तपासणी करू नका. मेलेल्या जिवाणूंचे अवशेष तीन-चार आठवडे सापडत राहतात आणि बरी झालेली बाई पुन्हा रडत येते. पुढची तपासणी तीन महिन्यांनी, दोघांचीही. ती औषधाची परीक्षा नव्हे, औषध बहुधा काम करतंच. संसर्ग पुन्हा आलाय का, ते त्यात कळतं. याच फेरीत गनोरिया, सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणी दोघांनी उरकून घ्या. वाट एकच असल्यामुळे हे पाहुणे कधी कधी जोडीने येतात.

संडासाची सीट, टॉवेल, पोहण्याचा तलाव, एका ताटात जेवणं यातून क्लॅमिडिया पसरत नाही. नवऱ्याने किंवा तुम्ही स्वतः असं काही कारण शोधलं असेल तर ते सोडून द्या.

आणि लाजेबद्दल एकच आकडा देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयाच्या सुमारे १२ कोटी ९० लाख लोकांना हा संसर्ग नव्याने झाला. त्यात किती नवविवाहित असतील, किती जणांचा आयुष्यात एकच जोडीदार असेल, कुणी मोजलेलं नाही.

राहिला ता. क. रिपोर्ट फाडू नका. दिवस राहिले की पहिल्याच भेटीत तो दाखवायचा आहे. तेव्हा पुन्हा तपासणी करतील, कारण उपचार न झालेला संसर्ग बाळंतपणात बाळाकडे जाऊ शकतो : पहिल्या एक-दोन आठवड्यांत डोळे येतात, पुढच्या दोन-तीन महिन्यांत न्यूमोनिया. आधी उपचार झाले असले की हा प्रश्न सहसा उरत नाही, पण झाले होते हे सांगायला कागद लागतो. तेव्हा तो कपड्यांखालून काढा आणि तपासण्यांच्या फायलीत लावा. मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने तीन तारखा लिहा : तुमच्या शेवटच्या गोळीची, नवऱ्याच्या शेवटच्या गोळीची, आणि तिथून तीन महिन्यांनंतरची. मधली जागा आज रिकामी राहिली तरी चालेल, पण तिच्यासाठी ओळ सोडा.